आधी वारा, मग पेला

गेल्या अंकात उन्हाळ्यातल्या सरबतांविषयी लिहिताना मुंबईतल्या गच्चीवरच्या बारचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर पत्रांचा गठ्ठाच आला. सव्वीस वर्षं मी मुंबईतल्या हॉटेलांत बार काउंटरच्या मागे उभी होते, त्यातली अकरा वर्षं उघड्या गच्चीवर. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देते.

प्रश्न : ताई, आम्ही शाळेतल्या चौघी मैत्रिणी, वय बेचाळीस. मुलं आजोळी गेली की मे महिन्यात एक संध्याकाळ मुंबईत उंच हॉटेलच्या गच्चीवर घालवायची असं ठरवलंय. दोघी घेतात, दोघी घेत नाहीत. घरचे म्हणतात, मेमध्ये गच्चीवर काय जाताय, भाजून निघाल. जावं का? आणि किती वाजता? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जरूर जा. मुंबईत उघड्यावर बसायला मे हा वाईट महिना आहे असं मला कधीच वाटलं नाही. फक्त वेळ साधली पाहिजे.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, आठवतं का? दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून गार हवा आत येते. हे खारे वारे. मुंबईत उन्हाळ्यात ते साधारण दुपारच्या सुमारास सुरू होतात. ज्या दिवशी पूर्वेकडचे कोरडे वारे जोरात असतात आणि खारे वारे उशिरा येतात, त्या दिवशी पारा भडकतो. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद झाली होती. गच्चीवर काम करताना मी सकाळी वर्तमानपत्रातलं तापमान बघत नसे. दुपारी तीन वाजता वर जाऊन कठड्याशी उभी राहायचे. समुद्राकडून केस उडाले की समजायचं, संध्याकाळ चांगली जाणार.

लोकांना वाटतं उंचावर गार असतं. उंचीने हवा थंड होते हे खरं, पण त्याचा हिशेब हजार मीटरला साधारण साडेसहा अंश असा आहे. वरळीच्या फोर सीझन्स हॉटेलचा एअर हा बार चौतिसाव्या मजल्यावर आहे. तिथेसुद्धा या हिशेबाने एक अंशाचाही फरक पडत नाही. गार वाटतं ते वाऱ्याने. खाली इमारती आणि झाडं वाऱ्याला अडवतात, वर तो मोकळा असतो. म्हणून आठव्या मजल्यावरची समुद्राला लागून असलेली गच्ची, तिसाव्या मजल्यावरच्या पण चहूबाजूंनी काचा लावलेल्या गच्चीपेक्षा कितीतरी सुखाची. मजला विचारू नका, पश्चिमेची बाजू उघडी आहे का ते विचारा.

आता वेळ. मेच्या मध्याला मुंबईत सूर्य सात वाजून पाच मिनिटांच्या आसपास मावळतो. तुम्ही सहा-सव्वासहाला टेबलावर असा. पाचला गेलात तर ऊन थेट डोळ्यांत येईल, आणि दुसरं म्हणजे फरशी. मी गिरगावच्या चाळीत वाढले. उन्हाळ्यात आम्ही मुलं गच्चीवर झोपायला जायचो, पण आजी आधी दोन बादल्या पाणी मारल्याशिवाय गाद्या घालू द्यायची नाही. पाणी पडलं की फरशीतून वाफ यायची आणि कुरडयांच्या वासात ओल्या सिमेंटचा वास मिसळायचा. सिमेंट दिवसभर ऊन पितं आणि रात्री आठ-नऊपर्यंत ते बाहेर टाकत राहतं. हॉटेलच्या गच्चीचंही तेच. टेबल दाखवलं की बसण्याआधी मागच्या भिंतीला तळवा लावून पाहा. चटका बसला तर दुसरं टेबल मागा. एसीचे बाहेरचे डबे जिथे असतील तिथून तर लांबच. कठड्यालगतचं, वाऱ्याच्या वाटेवरचं टेबल मिळालं तर पंख्याचीही आठवण येणार नाही. नऊ-साडेनऊनंतर वारा मंदावतो आणि घाम परत सुरू होतो. तोवर तुमचं जेवण झालेलं असावं, म्हणजे डोंबिवलीची गाडीही धावत पकडावी लागणार नाही.

सूर्यास्त बघायचा असेल तर एक गोष्ट फोटोंत कळत नाही. मरीन ड्राइव्हच्या चर्चगेटकडच्या टोकाला, म्हणजे इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलच्या डोम या गच्चीवरच्या बारसारख्या ठिकाणी बसलात, तर मेमध्ये सूर्य समुद्रात बुडताना दिसत नाही. तो उत्तरेकडे सरकलेला असतो आणि मलबार हिलच्या आड जातो. पाण्यात बुडणारा हवा असेल तर तिथे डिसेंबरात जायचं. मेमध्ये वरळी किंवा जुहू. मला स्वतःला मात्र डोमचा मेमधला सूर्यास्त जास्त आवडतो. सूर्य गेला की टेकडीची काळी रेघ उमटते, आणि मग खाली एकेक दिवा लागत चौपाटीपर्यंतची कमान पुरी होते. त्या वीस-पंचवीस मिनिटांत मोबाइल पर्समध्ये ठेवा.

न घेणाऱ्या दोघींनी अजिबात अवघडून बसू नये. मेन्यूकार्डात बिनदारूच्या पेयांचं पान शेवटी असतं आणि त्यात नुसता साखरेचा पाक असतो, ही माझी जुनी तक्रार. ते पान उघडूच नका. बारटेंडरला सांगा, आंबट-खारट काहीतरी कर, गोड नको. कोकमाचं आगळ, लिंबू, जिरेपूड, सोडा, भरपूर बर्फ. बहुतेक चांगल्या बारमध्ये आता कोकम असतं. आणि असं काही मागितलं की बारटेंडरला आनंद होतो, हे मी अनुभवाने सांगते. टेबल राखून ठेवताना फोनवर दोनच गोष्टी विचारून घ्या : कव्हर चार्ज, म्हणजे आत शिरण्याचे वेगळे पैसे, आहे का, आणि टेबल किती वाजेपर्यंत आपलं. साडी नेसणार असाल तर पदराला दोन पिना जास्त लावा.

प्रश्न : गच्चीवर पेय पाचच मिनिटांत पाणचट होतं. बर्फ कमी घालायला सांगितलं तरी तेच. बिअर तर कोमट होते. उपाय काय? – एक वाचक, पुणे

उत्तर : दादा, बर्फ कमी सांगता म्हणूनच पाणचट होतं.

ही गोष्ट मी काउंटरवरून हजारदा समजावली असेल. गिऱ्हाइकाला वाटतं, बर्फाने ग्लास भरून दारू कमी देतात. पेग मापून ओततात, तीस किंवा साठ मिलीलिटर. बर्फ कितीही असो, पेग तेवढाच. फरक पडतो तो वितळण्यात. दोन-तीन खडे घातले तर सगळं पेय थंड करायचं काम त्या दोन-तीन खड्यांवर पडतं, ते भराभर विरघळतात आणि संपतात. ग्लास काठोकाठ बर्फाने भरला तर खडे एकमेकांना थंड ठेवतात आणि पेय दाट राहतं. खडा मोठा असेल तर आणखी बरं. चुरा केलेला बर्फ दिसायला छान, पण उघड्या गच्चीवर मेमध्ये मी तो वापरत नसे.

दुसरं, ग्लास. गच्चीवरच्या रॅकवर उन्हात तापलेला ग्लास हातात घेऊन बघा, चहाच्या कपासारखा लागतो. त्यात ओतलेला पहिला बर्फ ग्लास थंड करण्यातच जातो. आम्ही ग्लासात आधी बर्फ फिरवायचो, सुटलेलं पाणी ओतून द्यायचो आणि मग पेय बनवायला घ्यायचो. तुमच्या समोर कोणी असं करताना दिसलं तर समजा, माणूस कामाचा आहे. नसेल करत तर ‘ग्लास थंड करून द्या’ एवढं म्हणायला काहीच हरकत नाही.

बिअरचा पिचर गच्चीवर मागवूच नका. दीड लिटर बिअर टेबलावर उघडी राहते, शेवटचे दोन ग्लास कोमट आणि गॅस गेलेले. एकेक पाइंट, म्हणजे ३३० मिलीची छोटी बाटली, मागवा, संपत आला की पुढचा. ग्लासाची दांडी असेल तर दांडीला धरा, पोटाला नको. हाताची ऊबही पुरते.

आणि काय प्यावं विचाराल, तर उन्हाळ्यात लांब ग्लासातलं, सोड्यातलं, आंबट. कैरी, कोकम, लिंबू, चिमूटभर मीठ. दुधाळ, क्रीम घातलेली, गोडमिट्ट पेयं पावसाळ्यासाठी ठेवा. गोव्याला जाणं झालं तर मार्च ते मेमध्ये उराक जरूर चाखा. काजूची बोंडं तुडवून काढलेला रस आंबवतात आणि त्याच्या पहिल्या ऊर्ध्वपातनातून उराक निघते, पुढच्यातून फेणी. उराक हलकी, फळाच्या वासाची, आणि फार टिकत नाही म्हणून हंगामातच प्यायची. लिंबाचा सोडा, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. माझ्या मते कोकणपट्टीच्या उन्हाळ्याला याहून शोभणारं पेय नाही.

प्रश्न : घरी तीन पेग घेऊन काही होत नाही, पण उन्हाळ्यात गच्चीवर दोन बिअरमध्ये डोकं धरतं. असं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कारण तुमच्या अंगातलं पाणी दोन वाटांनी जातं. मद्यामुळे लघवी रोखून धरणारं संप्रेरक मंदावतं, म्हणून नेहमीपेक्षा जास्त पाणी बाहेर पडतं. त्यात घाम. किनाऱ्यावर हवा दमट, घाम वाळत नाही, म्हणून अंग गार होत नाही आणि घाम येतच राहतो. गच्चीवर वारा असला की हा घाम जाणवतही नाही, तिथेच फसगत होते. शिवाय तुम्ही ‘दोन बिअर’ म्हणता त्या कुठल्या? ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ३३० मिलीच्या एका पाइंटमध्ये तीस मिलीच्या दोन पेगांएवढं मद्य असतं. म्हणजे तुम्ही घरच्यापेक्षा जास्तच घेतलीत.

एक प्रसंग मला अजून बोचतो. मी एका हॉटेलात गच्चीचा बार सांभाळत होते. एप्रिलमधला शनिवार, चार वाजता एक तरुण एकटा आला. अठ्ठावीस-तिशीचा. कठड्याशी उन्हात बसला आणि दोन तासांत पाच पाइंट झाले. खायला काही नाही, पाणी नाही. मला ते दिसत होतं. बिल वाढतंय म्हणून वरिष्ठ खूश होते आणि मी गप्प बसले. सहाच्या सुमारास तो उठला आणि दोन पावलांवर कोसळला. कपाळाला खोक पडली. अंग भट्टीसारखं तापलेलं. आम्ही त्याला सावलीत नेलं, ओले नॅपकिन मानेवर आणि काखेत ठेवले, रुग्णवाहिका बोलावली. तो वाचला, दोन दिवसांनी फोन करून आभारही मानले. पण आभार मानण्यासारखं मी काही केलं नव्हतं. पाणी मी तिसऱ्या पाइंटलाच नेऊन ठेवायला हवं होतं. त्यानंतर माझ्या गच्चीवर न मागता पाण्याचा जग जायचा, प्रत्येक टेबलावर, आणि तो रिकामा झाला की दुसरा. वरिष्ठांशी त्यावरून खटके उडाले, ते उडू दिले.

तुम्ही निघण्याआधी घरी पोळी-भाजी खाऊन निघा, प्रत्येक पेयामागे एक ग्लास पाणी प्या, आणि सूर्य मावळायच्या आत पहिला ग्लास संपवायची घाई करू नका. गाडी घरी ठेवा. रक्तात १०० मिलीलिटरला ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, ती तुमच्या अंदाजापेक्षा लवकर गाठली जाते, आणि पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तुरुंगवास होऊ शकतो.

प्रश्न : मुलगा बावीस वर्षांचा, मुंबईत नोकरीला. मित्रांबरोबर अशा ठिकाणी जातो. कायद्याने चालतं का? – एक वडील, रत्नागिरी

उत्तर : जायला हरकत नाही, कडक दारू प्यायला आहे. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत, सौम्य बिअरसाठी २१. म्हणजे तुमचा मुलगा सौम्य बिअर घेऊ शकतो, व्हिस्की-रम नाही. आपल्याकडचा मूळ कायदा १९४९ चा दारूबंदीचाच आहे, म्हणून दारू पिण्यासाठी परवाना लागतो. ‘परमिट रूम’ हा शब्द त्यातूनच आला. चांगल्या ठिकाणी ओळखपत्र मागतात. मागितलं तर त्याला राग येऊ देऊ नका, मागणारा त्याचं काम करतोय. आणि मुलाशी मोकळेपणाने बोला. तो कुठे जातो हे तुम्हाला माहीत आहे, म्हणजे त्याने सांगितलंय. ही फार चांगली गोष्ट आहे.

प्रश्न : कमला मिलची आग आठवली की मुलीला अशा ठिकाणी पाठवायला जीव धजत नाही. काय बघून जावं? – एक आई, बोरिवली

उत्तर : तुमची भीती अगदी रास्त आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळला गच्चीवरच्या पबमध्ये आग लागली आणि चौदा जीव गेले. वाढदिवस साजरा करायला आलेली मुलगी त्यात होती. बरेच जण धूर टाळायला शौचालयात शिरले आणि तिथेच गुदमरले. आम्ही या धंद्यातली माणसं त्या रात्रीनंतर बरेच दिवस एकमेकांना फोन करत होतो. प्रत्येकाला आपली गच्ची डोळ्यांसमोर दिसत होती.

मुलीला पाठवा, पण तिला हे शिकवून पाठवा. वर पोहोचल्यावर, पेय मागवण्याच्याही आधी, जिना कुठे आहे ते बघायचं. लिफ्ट नव्हे, जिना. आणि दुसरा जिना आहे का. दार ढकलून बघायचं. कुलूप असेल, किंवा जिन्यात खुर्च्या, पेट्या, बिअरचे क्रेट रचलेले असतील, तर तिथे बसायचं नाही. टेबल राखून ठेवलेलं असलं तरी, मित्र नाराज झाले तरी. मग वर बघायचं. डोक्यावर आकाश आहे की बांबू, कापड, प्लॅस्टिकचं छत? सजावटीसाठी लावलेलं सुकं गवत आणि पडदे भुरकन पेटतात. मी गच्चीवर रुजू झाले की पहिल्या दिवशी नव्या मुलांना घेऊन तळमजल्यापर्यंत जिन्याने उतरायचे, अंधारातसुद्धा, भिंतीला हात लावत. सव्वीस मजले उतरायला आम्हाला नऊ मिनिटं लागली होती. हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ होता.

आग लागली तर शौचालयात नाही, लिफ्टमध्ये नाही. खाली वाकून, नाकावर ओला रुमाल धरून जिन्याकडे. पर्स राहू द्यायची.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त, मी अडुसष्ट, ही चौसष्ट. आयुष्यभर कोजागिरीला गच्चीवर मसाल्याचं दूध घेतलं. आता एकदा अशा बारमध्ये जावंसं वाटतं. शोभेल का? हिचे गुडघे दुखतात, गोंगाटही नको. – एक वाचक, नाशिक

उत्तर : काका, शोभायचा प्रश्नच नाही. उलट गच्चीवर चांदण्यात बसून काहीतरी पीत गप्पा मारायच्या, हे आपल्या माणसांना कोणी शिकवायला नको.

तुमच्यासाठी मी वेगळी वेळ आणि वेगळी बाजू सुचवते. सगळे सूर्यास्तामागे पश्चिमेला धावतात. तुम्ही पूर्वेला जा, कुलाब्याकडे, गेटवेच्या आसपासच्या एखाद्या गच्चीवर. दिवस वैशाखी पौर्णिमेचा, नाहीतर तिच्या दुसऱ्या दिवसाचा. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, तेव्हा आकाशात उजेड असतो आणि तो फिकट दिसतो. दुसऱ्या दिवशी पाऊण-एक तास उशिरा येतो, आणि तेव्हा सगळं काळं झालेलं असतं. बंदरापलीकडे, उरणच्या अंगाला, आधी क्षितिजावर तांबूस डाग दिसतो. उन्हाळ्यातल्या धुरकट हवेत तो तांब्याच्या परातीसारखा वर येतो. नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांचे दिवे त्याच्याखाली असतात. या बाजूला वारा थोडा कमी लागतो, कारण तो शहरावरून येतो. म्हणून साडेसातनंतरच जा.

आधी फोन करून विचारा की लिफ्ट थेट गच्चीपर्यंत जाते का. पुष्कळ ठिकाणी शेवटचा मजला जिन्याने चढावा लागतो. उंच स्टूल नको, पाठ असलेली खुर्ची ठेवा म्हणावं. गोंगाट नको असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी जा, आणि स्पीकरपासून लांबचं टेबल मागून घ्या. उघड्यावरच्या ध्वनिवर्धकाला रात्री दहानंतर परवानगी नसते. १ मेला जाऊ नका, महाराष्ट्र दिनाला ड्राय डे असतो. जूनवरही टाकू नका, मुंबईत पावसाची सरासरी तारीख ११ जून, आणि त्याच्या आधीच बऱ्याच गच्च्या आवरतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर मद्याविषयी तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा. ते नाही म्हणाले तर कोकम आहेच.

बिलात सेवा शुल्क आपोआप लावलं असेल तर ते काढायला सांगता येतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तशा आहेत, आणि तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. पण ज्या मुलाने काकूंना हात धरून खुर्चीपर्यंत नेलं, त्याच्या हातात काहीतरी द्या. तो दुपारी चारपासून उन्हात उभा असतो.

आणि टेबलाशी दोघं एकाच बाजूला बसा. समोरासमोर बसलं की एकाची पाठ चंद्राकडे होते.